पट्टा बदललास, वडीचं काय?

भाचे, सासूबाई माळकरी आहेत म्हणून डब्याच्या स्वयंपाकघरातून सुऱ्या परजायचा चामड्याचा पट्टा काढायचाय, त्याच्या जागी काय लावू, असं तू फोनवर विचारलंस. जुनी जीन्स लाव, एवढं सांगून मी मोकळा झालो असतो. पण त्या पट्ट्यावर तू जी हिरवी वडी घासतेस, तिच्याबद्दल तू चकार शब्द काढला नाहीस. पट्टा चामड्याचा आहे हे निदान दिसतं तरी. वडीतली चरबी दिसत नाही.

माझा जन्म टूलरूममध्ये गेला. गाडीच्या दिव्याच्या काचेच्या साच्याला मिरर पॉलिश आणायचं म्हणजे आधी स्टोन, मग वॉटर पेपर, मग लाकडाच्या काडीवर डायमंड पेस्ट. भोसरीपासून चाकणपर्यंत हे काम करणारी पोरं आजही याच क्रमाने जातात. यात चामडं कुठेच येत नाही, आणि साच्यातून निघणाऱ्या काचेवर एक ओरखडा चालत नाही. तेव्हा चामड्याशिवाय धार येईल का, ही शंका मनातून काढून टाक.

आधी पट्टा करतो काय ते बघ. सहाणेवर पातं घासलं की कडेला पोलादाचा एक बारीक पापुद्रा उभा राहतो. आम्ही त्याला बर म्हणतो. नख आडवं फिरवलंस तर एका बाजूने अडकतो. स्वस्तातल्या स्टेनलेसच्या सुरीला हा बर लांब आणि चिवट निघतो. इकडून घासला की तिकडे वळतो, पण तुटत नाही. बर तसाच ठेवलास तर सुरी पहिला टोमॅटो झकास कापते आणि दहाव्याला घसरते, कारण तोवर पापुद्रा मुडपलेला असतो. पट्ट्याने तो पापुद्रा काढायचा आणि त्याच्याखालची खरी कड गुळगुळीत करायची. हे घासण्याचं काम वडीतली भुकटी करते. हिरव्या वडीत क्रोमियम ऑक्साइड असतं, कधी त्यात ॲल्युमिनियम ऑक्साइडची भर असते. चामडं ही त्या भुकटीची नुसती बैठक. बैठक सपाट हवी, भुकटी धरणारी हवी आणि दाबाखाली फार न खचणारी हवी. या तिन्हीत बसणाऱ्या दहा वस्तू तुझ्या घराच्या आसपास पडलेल्या असतील. वस्तऱ्याच्या जुन्या दुहेरी पट्ट्यांतसुद्धा एक पदर चामड्याचा आणि दुसरा कॅनव्हासचा किंवा लिननचा असायचा.

आता वडी. भोसरीच्या कुठल्याही बफिंगच्या शेडमध्ये जाऊन बघ. चाकं सुती कापडाची असतात, नाहीतर सायझलची, म्हणजे घायपाताच्या जातीच्या झाडाच्या वाखाची. दोन्ही झाडापासून आलेली. पण चाकावर टेकवायची वडी भुकटी आणि ग्रीस मिळून बनते, आणि ते ग्रीस परंपरेने चरबीचं. चरबी नसली तर स्टिअरिक ॲसिड असतं. ते पामतेलातूनही काढतात आणि चरबीतूनही. वडी हातात घेऊन, वास घेऊन फरक कळत नाही. 1983 मध्ये वनस्पती तुपात गाईची चरबी सापडल्यावर देशभर केवढा गहजब झाला होता, तुझ्या आईला विचार. तेव्हा घराघरातले डबे तपासले गेले. बफिंगच्या वडीला मात्र कोणी विचारलं नाही, कारण ती कोणी खात नाही. पण सुरी भाजीला लागते, आणि सासूबाईंचा प्रश्न तिथेच आहे. वडी हिरवी आहे म्हणजे तिच्यावर खाण्याच्या पाकिटावरचा हिरवा ठिपका आहे, असं समजू नकोस.

म्हणून दोन वाटा. पहिली, डायमंड पेस्ट. टूल विकणाऱ्या दुकानात सिरिंजमध्ये मिळते, मायक्रॉनप्रमाणे रंग वेगळे. घेताना पाण्यात धुतली जाणारी माग, तेलातली नको, आणि ती कशात कालवलीय ते दुकानदाराकडून लेखी घे. चांगल्या बनावटीच्या मालाबरोबर माहितीपत्रक असतं. ते द्यायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून घेऊ नकोस. स्वयंपाकघराच्या सुरीला 3 मायक्रॉन पुरे, फार तर 1. त्याखाली जाणं म्हणजे हौस. कांदा-कोबीला कडेवर किंचित खरखर लागते. आरपार गुळगुळीत कड टोमॅटोच्या सालीवरून घसरते. पेस्टही मुगाच्या दाण्याएवढीच घ्यायची. जास्त थापली तर ती कापडात जिरत नाही, पात्यालाच चिकटून येते.

दुसरी वाट स्वस्त. क्रोमियम ऑक्साइडची हिरवी भुकटी रंगद्रव्य म्हणून मिळते. बारीकातली बारीक घे; जाड दाण्याची घेतलीस तर पॉलिश होण्याऐवजी ओरखडे पडतील. चिमूटभर भुकटीत खोबरेल तेलाचे दोन-तीन थेंब घाल आणि बोटाने पट्ट्यात चोळ. बोटाला रबरी मोजा घाल, नाहीतर हात दोन दिवस हिरवा राहील. थंडीत खोबरेल थिजतं, मग बाटली उन्हात ठेव. आणि क्रोमियम म्हटल्यावर घाबरू नकोस. प्लेटिंगच्या टाकीत असतं ते क्रोमिक ॲसिड, ते विषारी, त्याच्या सांडपाण्यावर प्रदूषण मंडळाचं लक्ष असतं. ही भुकटी त्याच धातूची, पण दुसऱ्या रूपातली, पाण्यात न विरघळणारी. तरी पट्ट्यावरून उठलेली सुरी साबणाने धुतल्याशिवाय भाजीला लावायची नाही, आणि भुकटी कालवताना फुंकर मारायची नाही.

वडीसारखाच गोंदही तपास. आमच्या उमेदीच्या काळात सुतार सरस उकळायचे. सरस म्हणजे जनावराची हाडं-कातडी शिजवून काढलेला डिंक. कापडी चाकावर एमरीची भुकटी बसवायलाही तोच लागायचा. त्याचा वास ज्याने घेतलाय तो विसरत नाही. 1959 मध्ये फेविकॉल बाजारात आला आणि पुढे सुतारांच्या चुलीवरून सरसाचं भांडं हळूहळू उतरलं. फेविकॉल कृत्रिम राळेचा आहे, तो बिनधास्त वापर. घासायच्या कागदात वॉटर पेपर निवड. तो पाण्यात भिजवून वापरायचा असतो, म्हणून त्यातले दाणे राळेनेच चिकटवलेले असतात. सरस असता तर पाण्यात सुटला असता.

फेल्टचं काय, असं तू विचारशील. आमच्या कामात काडीच्या टोकाला फेल्टचे गोळे लागतात आणि त्यातले चांगले लोकरीचे असतात. आता लोकर काढायला मेंढी मारावी लागत नाही, आणि सासूबाई कीर्तनाला घोंगडीवर बसतात, तेव्हा त्यांना चालेलही. पण तुझे डबे वाकड-हिंजवडीला जातात. तिथे दूध-दहीसुद्धा वर्ज्य केलेली पोरं आहेत, त्यांना लोकर चालणार नाही. रेषा कुठे आखायची ते तुम्ही दोघी आधी बसून ठरवा. मला विचारशील तर फेल्टची गरजच नाही.

आणि एक गोष्ट स्वच्छ सांगतो. चामडं नको हे जनावरासाठी म्हणायचं. चामडं कमावणाऱ्याच्या हाताचा विटाळ म्हणून ते नको असेल, तर हा सगळा खटाटोप करू नकोस. ज्या संप्रदायाची माळ सासूबाईंनी घातलीय, त्याच संप्रदायात चामड्याचं काम करणाऱ्या संत रोहिदासांचं नाव आदराने घेतात. जुना पट्टा फेकून न देता कोपऱ्यावरच्या चपला शिवणाऱ्या काकांना नेऊन दे, त्यांना रापी परजायला उपयोगी पडेल.

आता बैठक. माझी पहिली पसंती साध्या एमडीएफच्या पट्टीला. फर्निचरवाल्याकडे तुकडे पडलेले असतात. तीन बोटं रुंद, हातभर लांब, वर काहीच न चिकटवता थेट पेस्ट चोळायची. एमडीएफला रेषा नाहीत, गाठी नाहीत आणि तो दाबाखाली खचत नाही, म्हणून कड गोल होत नाही. मऊ पट्ट्यावर जोर दिला की पातं आत बुडतं, पट्टा कडेभोवती वर येतो आणि तू घासतेस तेवढी धार बोथट होत जाते. चामड्यावरही हेच होतं. लोक दोष सुरीला देतात. एमडीएफचं वैर फक्त पाण्याशी आहे. सिंकजवळ ठेवलास तर फुगून पोट काढेल. कडांना आणि मागच्या बाजूला फेविकॉलचा पातळ हात मार.

जीन्स दुसरी. पण ताणणारी नको. हल्लीच्या जीन्समध्ये लवचीक धागा असतो, तो पात्याबरोबर सरकतो आणि लाटेसारखा उठतो. जुनी, जाड, निव्वळ सुती घे. गरम पाण्यात धुऊन खळ आणि सॉफ्टनर काढून टाक, वाळव, इस्त्री कर. शिवण आणि खिसा टाळून मांडीकडचा भाग काप. सपाट लाकडावर फेविकॉलचा अगदी पातळ थर दे, कापड ताणून बसव, वर काच किंवा फरशी ठेवून रात्रभर दाब दे. गोंद जास्त झाला तर कापडातून वर येतो, वाळून कडक ठिपके होतात आणि प्रत्येक ठिपका धारेला दात पाडतो. कॅनव्हासलाही हीच रीत. गोणपाट मात्र पॉलिशला नको, त्याची वीण फार ढोबळ. सहाणेवरून उठल्यावर चिवट बर मोडायला दोन-चार वेळा पातं गोणपाटावरून ओढलं तर तेवढ्यापुरता तो कामाला येतो.

लाकूड थेट वापरायचं असेल तर चाकणला त्याची ददात नाही. बाहेरून येणाऱ्या मशीनच्या पेट्या पाइनच्या असतात आणि पेट्या फोडल्यावर फळ्या विकल्या जातात. फळीवर गव्हाच्या लोंबीसारखं चिन्ह आणि अक्षरांचा शिक्का असतो. त्यात एचटी असेल तर लाकूड उष्णतेने कीडमुक्त केलेलं. एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइडच्या धुरीने. स्वयंपाकघरासाठी एचटीच घे. पाइनमध्ये एक रेघ मऊ आणि एक कडक अशी येते, पातं त्यावर किंचित उड्या मारतं, म्हणून बिनगाठीची, दाट रेषांची फळी निवड. त्याहून सरस सातवीण, म्हणजे आपल्या रस्त्याकडेची सप्तपर्णी. तिचं लाकूड हलकं, मऊ आणि एकसारखं. पूर्वी शाळेच्या पाट्या-फळे करायला ते वापरत, झाडाच्या शास्त्रीय नावातला ‘स्कॉलॅरिस’ तिथूनच आला. पावसाळ्यात फांदी पडली तर उचल. उभ्या झाडाला हात लावायचा नाही, महापालिका दंड करते आणि ते योग्यच आहे.

पण माझं मन बसलंय ते घायपातावर. खेडच्या बाजूला माळावर, बांधावर बघ, कुंपणाला लावलेलं असतं. मूळ मेक्सिकोचं झाड, इथे असं रुळलं की परकं वाटत नाही. वर्षानुवर्षं नुसती काटेरी पानं वाढवत बसतं, मग एक दिवस मधून माणसाच्या दुप्पट-तिप्पट उंचीचा दांडा काढतं, फुलतं आणि मरतं. तो दांडा जागीच वाळून उभा राहतो. शेतकऱ्याला विचारून तोच घ्यायचा. परदेशातल्या जुन्या वनस्पतिग्रंथांत या वाळलेल्या दांड्याचे काप वस्तरा परजायला वापरल्याची नोंद आहे, आणि एकदा हातात घेतलास की कारण कळेल. बाहेरून टणक साल, आत बाशिंगाच्या भेंडासारखा हलका, दाट गाभा. त्यात पेस्टचे कण रुतून बसतात, आणि बोटाने दाबलं तर दबतो पण पात्याखाली फाटत नाही.

ओला दांडा कापू नकोस, त्याच्या आणि पानांच्या रसाने अंगाला भयंकर खाज सुटते. वाळलेलाही आधी आपटून बघ, आत किडे असतात. मग हॅकसॉने हातभर तुकडा कापायचा आणि उभा चिरून बोटभर जाडीचा काप काढायचा. फरशीवर वॉटर पेपर चिकटवून त्यावर काप घासत सपाट करायचा. हात आठच्या आकड्यात फिरव, म्हणजे एक बाजू खाली बसत नाही. सपाट झाला का ते स्टीलची पट्टी उभी धरून उजेडाकडे बघ. पट्टीखालून जिथे उजेड येतो तिथे खोलगट. हे जमलं की खालून लाकडाची फळी चिकटव, कारण नुसता काप उन्हा-पावसात वाकतो. यावर 3 मायक्रॉनची पेस्ट चोळून एखादी जुनी सुरी ओढून बघ. चामड्याचं नाव पुन्हा काढणार नाहीस.

सीट बेल्टची पट्टीही चालते. पॉलिस्टरची, घट्ट विणीची, साधारण पावणेदोन इंच रुंद, पाणी लागून न बिघडणारी. टांगून ताणून वापरता येते, पण त्याला हात सराईत लागतो. तू फळीवर चिकटवूनच वापर. पॉलिस्टरला फेविकॉल नीट धरत नाही, तिथे दोन्ही टोकं मागे वळवून खिळ्यांनी ठोक. मिळवायची कुठून? कुदळवाडीची भंगारची दुकानं 2025 च्या फेब्रुवारीत महापालिकेने पाडली, तेव्हापासून जुन्या गाड्यांचं सामान शोधावं लागतं. सीट कव्हरवाल्याला सांगून ठेव. तुझा दीर कंपनीतून आणतो म्हणेल; गेट पासशिवाय हातभर पट्टीसुद्धा बाहेर आणू नको म्हणावं, तेवढ्यासाठी नोकऱ्या गेलेल्या आहेत.

रेक्झिन घेऊ नकोस. चामड्यासारखं दिसतं म्हणून लोक त्याच्याकडे वळतात, पण वरचा थर प्लास्टिकचा. तो भुकटी धरत नाही आणि पातं जरा तिरकं झालं की सोलून निघतो. एखाद्या वस्तूत चामड्याचे गुण नकोत आणि रूप मात्र हवं, हे मला कधी कळलं नाही.

सगळ्यात सोपं म्हणजे जुना पेपर. आठ-दहा पानं घट्ट दुमडून सपाट फळीवर ताणून बांध आणि शेवटचे चार हात त्यावर मार. पेस्ट नको, काही नको. रोजच्या रोज करायला एवढं पुष्कळ आहे.

हाताची रीत चामड्यावर होती तीच. पाठ पुढे, धार मागे. धार पुढे गेली की पट्टा कापलाच म्हणून समज. पातं चार सेंटिमीटर रुंद असेल तर पाठ पट्ट्यापासून एक सेंटिमीटर वर धर, म्हणजे जवळपास पंधरा अंश होतात. जाडसर सुरीला थोडी आणखी वर. कोन बरोबर आहे का ते बघायला आम्ही जॉबला ब्लू, म्हणजे निळा रंग, लावायचो. तू धारेच्या उतारावर काळा मार्कर फिरव, दोनदा ओढ आणि बघ. अगदी कडेपर्यंत शाई पुसली तर कोन बरोबर. वरचीच पुसली आणि कडेला राहिली तर पाठ आणखी उचल. जोर नको, सुरीचं स्वतःचं वजन आणि वर बोटाचा आधार. ओढून झाल्यावर मनगट वर झटकायची सवय असते ना, ती मोड. तिथेच कड गोल होते. पट्ट्याच्या टोकाला थांब, मग सरळ वर उचल.

पावसाळ्यात तुला एक सुख होईल. चामड्याचा पट्टा श्रावणात बुरशीने पांढरा पडतो. जीन्स आणि घायपात वाळवून ठेवले तर तसे होत नाहीत. पट्टा काळा पडला म्हणजे घासलेलं पोलाद त्यात साठलंय. कापडावर खोडरबर फिरव, लाकडावर बारीक वॉटर पेपरचा हलका हात मार आणि नवी पेस्ट दे. दोन पेस्टसाठी दोन पट्ट्या ठेव आणि पाठीवर मायक्रॉनचा आकडा लिही. 3 चा एक कण 1 च्या पट्टीत गेला की ती पट्टीही 3 ची झाली.

विळीचं वेगळं. तिचं पातं वाकडं, सपाट फळी त्याला फक्त एका ठिकाणी टेकते. पाण्याच्या पाइपाचा वीतभर तुकडा घे, त्याला जीन्स गुंडाळून चिकटव, पेस्ट चोळ. विळी पाटावर पायाने दाबून घट्ट धर आणि पाइप पात्याच्या पाठीकडून धारेकडे, धारेच्या बाहेर निघून जाईल असा फिरव. धारेकडून आत कधीच नाही, तिथे तुझी बोटं आहेत. खवणीचे दात पट्ट्यावर घ्यायच्या भानगडीत पडू नकोस, त्यांना कानस लागते.

चाकणच्या बाजारातून पोतं आलं की पहिला कांदा हीच परीक्षा. बोथट पातं कांद्याच्या पेशी कापण्याऐवजी चिरडतं, म्हणून डोळे जास्त चुरचुरतात. पट्ट्यावर प्रत्येक बाजूने दहा-बारा हात मारूनही पहिल्याच कांद्याला नाक पुसावं लागलं, तर पट्ट्याच्या हाती काही उरलेलं नाही. मग वडी, पेस्ट, घायपात सगळं बाजूला ठेव आणि सरळ सहाण भिजत घाल.